चोरीला गेलेली सायकल आणि पाच हजारांची रेघ

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बेकारी, महागाई, जमीनसुधारणा, नियोजन अशा विषयांच्या पंक्तीत सायकलच्या चोरीचा विषय येऊन बसावा, याचे काहींना आश्चर्य वाटणे स्वाभाविक आहे. बँका बुडवून परदेशी पळून जाणाऱ्यांच्या बातम्या ज्या काळात वाचायला मिळतात, त्या काळात दोन-तीन हजारांच्या एका जुन्या सायकलीची चोरी ती काय, असा प्रश्न सहज मनात येतो. तथापि एखाद्या व्यवस्थेची खरी परीक्षा ती मोठ्यांच्या मालमत्तेचे रक्षण कसे करते यावरून होत नाही. ज्याच्याजवळ एकच चीज आहे त्याची ती चीज गेली असता ती व्यवस्था काय करते, यावरून ती होते. या दृष्टीने पाहिले तर चोरीला गेलेली सायकल हा विषय वाटतो तितका किरकोळ नाही.

प्रथम ही सायकल कोणाची आहे ते पाहावे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आढळले आणि पश्चिम बंगालमध्ये तर ते जवळजवळ ८० टक्के होते. शेती व घरगुती उद्योग वगळून अन्य कामे करणारे जे सुमारे २० कोटी लोक २०११ च्या जनगणनेत मोजले गेले, त्यांपैकी १३ टक्के, म्हणजे सुमारे २ कोटी ६० लाख लोक सायकलवरून कामाला जात होते. हे लोक कोण? इमारतीच्या फाटकावर रात्रपाळी करणारा पहारेकरी, पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, दूध घालणारा, गवंड्याच्या हाताखालचा बिगारी, सायकलच्या पायडलवर सहाण फिरवून सुऱ्यांना धार लावून देणारा, गोव्यात भल्या सकाळी भोंगा वाजवीत घरोघर पाव पोचविणारा पोदेर. पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. त्या वेळी वकील, प्राध्यापक आणि कारखान्यातला कामगार एकाच रस्त्याने सायकल हाकीत असत. पुढे ज्यांना परवडले ते स्कूटरवर आणि मोटारीत बसले, आणि सायकलवर राहिला तो प्रामुख्याने कष्टकरी. अलीकडे व्यायामासाठी पन्नास हजारांची सायकल घेणारा एक वर्ग निर्माण झाला आहे. त्याचेही नुकसान होतेच. पण त्याची सायकल गेली तर त्याचा व्यायाम बुडतो, पहारेकऱ्याची गेली तर त्याची रोजी बुडते.

किंमत आणि मोल

अर्थशास्त्रात वस्तूची बाजारातील किंमत आणि ती वापरणाऱ्याला तिच्यापासून होणारा उपयोग यांत भेद केला जातो. सायकलच्या बाबतीत हा भेद कसा डोळ्यांत भरतो ते एका कल्पित हिशेबाने पाहता येईल. समजा, एक पहारेकरी महिना बारा हजार रुपये मिळवतो. घर कामाच्या ठिकाणापासून पाच किलोमीटरवर आहे आणि त्याच्या जुन्या सायकलीला बाजारात दोन हजारांवर कोणी छदाम देणार नाही. ही सायकल चोरीला गेली. आता त्याला शेअर रिक्षाने जायचे, तर एका खेपेचे वीस रुपये धरले तरी दिवसाचे चाळीस, आणि सव्वीस दिवसांचे एक हजार चाळीस रुपये होतात. म्हणजे दोनच महिन्यांत सायकलच्या किमतीहून अधिक रक्कम रिक्षात जाते. चालत जायचे ठरवले, तर सायकलवर पंचवीस मिनिटांत होणाऱ्या वाटेला एक तास लागेल. जाऊन-येऊन रोज सत्तर मिनिटे जादा, आणि महिन्याला तीस तास. आठ तासांची एक पाळी धरली तर जवळजवळ चार पाळ्यांचे श्रम तो बिनमजुरीने रस्त्यावर सांडतो. नवी साधी सायकल घ्यायची तर आज पाच-सहा हजार रुपये लागतात. ती शिल्लक त्याच्याजवळ नसते. सावकाराकडून साडेपाच हजार घेतले आणि दरमहा शेकडा पाच रुपये व्याज असले, तर मुद्दल जसेच्या तसे ठेवून महिन्याला पावणेतीनशे रुपये नुसत्या व्याजाचे द्यावे लागतात.

तात्पर्य, चोराच्या हाती जे पडते ते दोन हजारांचेही नसते, कारण चोरीचा माल मातीमोलाने विकावा लागतो. मालकाचे मात्र कित्येक पटींनी अधिक जाते. संपत्ती एका हातातून दुसऱ्या हातात गेली एवढाच हा व्यवहार नाही. वाटेत तिचा मोठा भाग नष्ट झाला, आणि तो कोणालाच मिळाला नाही. श्रीमंताच्या घरी अशा आघाताला विमा, बँकेतली शिल्लक, दुसरे वाहन असे आडोसे असतात. गरिबाच्या घरी आडोसा नसतो. त्यामुळे आघात थेट मुलाच्या शिकवणीवर, आजाऱ्याच्या औषधावर, किराण्याच्या यादीवर येऊन आदळतो.

पैशांत न मोजता येणारा भागही आहे. बिहारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी प्रारंभी दोन हजार रुपये देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. योजनेमुळे माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे व मुली यांच्यातील अंतर ४० टक्क्यांनी कमी झाले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. जिथे शाळा लांब होती तिथे परिणाम विशेष दिसला. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या प्रारंभी साक्षरता मोहिमेबरोबरच हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या आणि पाणी आणायला, बाजाराला, कामाला स्वतंत्रपणे जाऊ लागल्या. आता हाच हिशेब उलटा मांडावा. सायकल आल्याने जर मुलगी शाळेत जाते, तर सायकल गेल्याने काय होते? शाळेच्या आवारातून सायकल गेली की घरात पहिला प्रश्न 'तू लक्ष का नाही ठेवलेस?' हा असतो, आणि पुष्कळदा दुसरा 'आता कशाला जायचे एवढ्या लांब?' हा असतो. जिची वस्तू गेली तिलाच अपराधी ठरविण्याची ही रीत चोरीपेक्षा कमी क्रूर नाही. कामावर उशिरा पोचलेल्या पहारेकऱ्यालाही मुकादमाकडून हेच ऐकावे लागते. आणि शेजारच्या वस्तीतल्या कोणावर तरी संशय घेऊन बसणारे मन, पुढे वर्षानुवर्षे कुलूप दोनदा ओढून पाहणारा हात, हेही नुकसानीच्याच खात्यावर मांडले पाहिजेत.

रोममधला कामगार

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बेकारीने ग्रासलेल्या रोममधील अशाच एका चोरीवर व्हित्तोरिओ दे सिका यांनी १९४८ मध्ये 'बायसिकल थीव्ज' हा चित्रपट काढला. १९५२ मध्ये भारतात भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखविला गेला आणि बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन' या १९५३ च्या चित्रपटाला त्याची प्रेरणा मिळाली. अंतोनियो रिच्ची या बेकाराला भिंतींवर जाहिराती चिकटविण्याचे काम मिळते, पण अट सायकलची असते. सायकल गहाण पडलेली. ती सोडवायला बायको घरातल्या चादरी गहाण टाकते. कामाच्या पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. पोलिस तक्रार लिहून घेतात आणि शोध तूच घे, असे सुचवतात. शेवटी हा सज्जन माणूस दुसऱ्याची सायकल उचलू पाहतो आणि आपल्या लहान मुलासमोर पकडला जातो.

कार्यकर्त्यांनी या चित्रपटातील एक छोटा प्रसंग विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अंतोनियो आपल्या मित्राला शोधत कामगारांच्या जागेत येतो, तेव्हा तिथे सभा चालू असते. बेकारीवरच भाषण सुरू असते, आणि त्या बेकाराला 'गप्प राहा' म्हणून सांगितले जाते. मदत मिळते ती सफाई कामगार असलेल्या मित्राकडून. दुसऱ्या दिवशी तो आपल्या सोबत्यांना घेऊन बाजारात येतो आणि कोणी फ्रेम पाहायची, कोणी टायर, कोणी घंटी व पंप, अशी वाटणी करून शोध सुरू होतो. बेकारीवर भाषण देणे आवश्यकच आहे. पण भाषण चालू असताना दारात उभ्या असलेल्या बेकाराचे गाऱ्हाणे ही सभेतील व्यत्ययाची बाब ठरू नये, एवढे भान संघटनेला असलेच पाहिजे.

पाच हजारांची रेघ

आता आपल्या देशातील कायद्याकडे वळू. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३७९ व्या कलमाखाली चोरी, मग ती कितीही किमतीची असो, दखलपात्र गुन्हा होती. ललिताकुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले, की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली असता प्रथम खबर नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. प्रत्यक्षात सायकलवाल्याला पोलिस ठाण्यातून हात हलवीत परत पाठविले जात असे हे खरे, पण तो कायद्याचा भंग होता आणि त्याविरुद्ध भांडता येत होते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ३०३ व्या कलमात चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा कायम आहे. मात्र एक नवे परंतुक जोडले आहे. चोरीच्या मालाचे मूल्य पाच हजार रुपयांहून कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला समाजसेवेची शिक्षा द्यावी. हे परंतुक स्वागतार्ह आहे. भुकेपोटी किंवा मोहापोटी पहिल्यांदा चुकलेल्या पोराला तुरुंगात टाकून सराईत गुन्हेगार बनविण्यात कोणाचेच हित नाही.

परंतु या उदार परंतुकाच्या मागून दुसरी एक गोष्ट आत शिरली आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत पाच हजारांखालील ही चोरी अदखलपात्र म्हणून दाखविली आहे. अदखलपात्र गुन्ह्यात पोलिस नोंदवहीत माहिती लिहून घेतात आणि फिर्यादीला दंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगतात. त्याच संहितेच्या १७४ व्या कलमानुसार दंडाधिकाऱ्याच्या आदेशाविना तपास करता येत नाही. दिवसाच्या मजुरीवर जगणाऱ्याने दोन हजारांच्या सायकलीसाठी न्यायालयाचा उंबरठा झिजवावा, अशी ही तरतूद आहे. अर्थ उघड आहे: पन्नास हजारांची सायकल गेली तर तपास करणे हे राज्याचे काम, दोन हजारांची गेली तर ते मालकाचे काम.

इथे दोन भिन्न गोष्टींची गल्लत झाली आहे. चोराला कोणती शिक्षा द्यावी हा एक प्रश्न, आणि चोरी झाली असता तपास करावा की नाही हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर दया दाखविणे हा सुसंस्कृतपणा आहे. दुसऱ्या प्रश्नावर हात झटकणे ही दया नव्हे. तपासच झाला नाही तर चोर सापडणार नाही, माल परत येणार नाही, आणि मग ती समाजसेवेची शिक्षा तरी द्यायची कोणाला? शिवाय परंतुकाच्या अटी पाहाव्यात. आरोपी प्रथमच दोषी ठरतो आहे काय, तो माल परत करतो काय, हे तपासानंतर कळणार. तक्रारीच्या दिवशी ते कोणाला ठाऊक असते? मूल्य कसे ठरवायचे हाही वादाचा मुद्दा आहे. घेताना साडेपाच हजार पडलेल्या सायकलीचे मोल पोलिस ठाण्याच्या टेबलावर दोन हजार ठरणार. गरिबाची वस्तू जुनीच असते. म्हणजे ही रेघ रुपयांची दिसत असली तरी प्रत्यक्षात ती वर्गांमधून ओढली गेली आहे.

चोर कोण, घेणारा कोण

चोराविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात राजस्थानातील भरतपूर जिल्ह्यात एका घराच्या ओसरीवरून सायकल नाहीशी झाली. जागी एक चिठ्ठी सापडली. ती नेणारा मजूर होता. त्याला बरेलीपर्यंत जायचे होते, बरोबर अपंग मूल होते आणि दुसरे साधन नव्हते. त्याने मालकाची क्षमा मागितली होती. रेल्वे व बस बंद करून कोट्यवधींना रस्त्यावर आणणाऱ्या निर्णयाचा भार शेवटी कोणी वाहिला? एका गरिबाने, दुसऱ्या गरिबाच्या सायकलीवर. या घटनेत चोर शोधायचा झाला तर तो त्या ओसरीपासून पुष्कळ दूर शोधावा लागेल.

तथापि सर्वच चोऱ्यांना ही चिठ्ठी जोडून चालणार नाही. सायकलींच्या चोरीत नशेसाठी उचलणारे असतात, चार दिवस मिरवून टाकून देणारी पोरे असतात आणि टोळीने धंदा करणारेही असतात. धंदा करणाऱ्याला गिऱ्हाईक लागते. सायकल सुटी होते, फ्रेमला रंग चढतो, चाके, सीट, हँडल वेगवेगळ्या वाटांनी जातात. स्वस्तात मिळते आहे म्हणून पावती न विचारता जुनी सायकल घेणारा, मग तो दुकानदार असो, भंगार घेणारा असो वा चाळीतला सद्गृहस्थ असो, या धंद्याचा भांडवल पुरवठादार असतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि जो असा व्यवहार नित्य करतो त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली आहे. चोरांच्या मागे धावण्यापेक्षा मागणी आटविणे अधिक फलदायी, हे कोणत्याही बाजाराच्या अभ्यासकाला पटेल.

बेक्कारिया या इटालियन विचारवंताने १७६४ मध्येच सांगून ठेवले, की शिक्षेच्या कठोरतेपेक्षा तिची निश्चिती माणसाला अधिक रोखते. आपल्याकडे नेमके उलटे घडते. शंभरांतल्या एखाद्याला लोक पकडतात आणि खांबाला बांधून बडवतात, आणि बाकीच्यांना कोणी विचारतही नाही. झुंडीची मारहाण हा न्याय नव्हे, तो प्रतिबंधही नव्हे. तो दुसरा, आणि अधिक गंभीर गुन्हा आहे. जिथे कार्यकर्ता उपस्थित असेल तिथे त्याने पहिल्यांदा ही मारहाण थांबविली पाहिजे, मग सायकलीचे पाहावे.

प्रतिबंधाचे मार्ग

साधे उपाय आधी सांगणे योग्य. आपल्याकडे बहुतेक सायकलींना मागच्या चाकाच्या स्पोकमधून जाणारी कडी हेच एकमेव कुलूप असते. त्याने सायकल चालवता येत नाही, पण उचलून टेंपोत घालता येते. म्हणून साखळीने किंवा यू आकाराच्या पोलादी कुलुपाने फ्रेम आणि एक चाक मिळून जमिनीत रोवलेल्या कठड्याला वा खांबाला बांधावे. अनेकांनी मिळून, वर्दळीच्या जागी, उजेडात सायकली ठेवाव्यात. प्रत्येक सायकलच्या फ्रेमवर क्रमांक ठोकलेला असतो, पायडलच्या आसाखाली किंवा सीटच्या नळीवर. तो वहीत उतरवून ठेवावा, पावती जपावी, एक छायाचित्र काढून ठेवावे. जुन्या सायकलीवर फ्रेमच्या नळीवर नाव कोरून घ्यावे. रंग दिला तरी कोरलेले पुसत नाही, आणि ओळखू येणारी वस्तू विकणे अवघड जाते.

परंतु व्यक्तीने करायच्या उपायांवर थांबणे ही अर्धवट विद्या आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठात एक उद्बोधक प्रयोग झाला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सायकली ठेवण्याच्या काही जागी टक लावून पाहणाऱ्या डोळ्यांचे चित्र आणि चोरांना इशारा असे फलक लावले. त्या जागी चोऱ्या ६२ टक्क्यांनी घटल्या. पण जिथे फलक नव्हते तिथे त्या ६५ टक्क्यांनी वाढल्या. चोरी थांबली नाही, शेजारी सरकली. ज्याला भक्कम कुलूप परवडते तो ते घेतो आणि चोर ज्याला परवडत नाही त्याच्याकडे वळतो, हाच न्याय सर्वत्र लागू पडतो. म्हणून संरक्षण हे खाजगी खरेदीची वस्तू राहिले तर ते विषमताच वाढवील. ते सार्वजनिक केले पाहिजे.

हे इतरत्र झाले आहे. जपानमध्ये सायकलीची नोंदणी १९९४ पासून कायद्याने आवश्यक आहे. अल्प शुल्क भरून क्रमांकाची चिकटपट्टी लावून घेतात आणि पोलिस तिच्यावरून मालक ताडून पाहतात. डेन्मार्कमध्ये सायकलीच्या फ्रेमवर क्रमांक असावाच लागतो. नेदरलँड्समधील उत्रेख्त रेल्वे स्थानकाखाली साडेबारा हजार सायकलींची राखणीतली जागा २०१९ मध्ये पूर्ण झाली आणि तिथे पहिले चोवीस तास विनामूल्य आहेत. आपल्याकडेही अनेक नगरपालिका एके काळी सायकलींवर कर घेत आणि बिल्ला देत. बिल्ला नसला आणि रात्री दिवा नसला की दंड होई. त्या बिल्ल्याचा हेतू वसुलीचा होता, राखणीचा नव्हता. सायकलवाल्याकडून घेण्यासाठी क्रमांक ठेवता येत होता, तर त्याला त्याची वस्तू परत देण्यासाठी का ठेवता येऊ नये?

अॅमस्टरडॅममध्ये १९६५ मध्ये प्रोव्हो या तरुणांच्या गटाने पांढऱ्या रंगाच्या, कुलूप नसलेल्या सायकली सर्वांसाठी रस्त्यावर सोडल्या. हेतू उदात्त होता. पण बिनकुलपाची सायकल रस्त्यात ठेवणे नियमाविरुद्ध म्हणून पोलिसांनी त्या जप्त केल्या. २००७ मध्ये पॅरिस नगरीने भाड्याच्या सायकलींची मोठी योजना सुरू केली, तेव्हा पहिल्या दोन वर्षांत हजारो सायकली चोरीला गेल्या वा मोडल्या गेल्या. पुण्यात २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भाडे-सायकलींनाही नासधुशीला तोंड द्यावे लागले. सामाजिक मालकीची कल्पना यामुळे खोटी ठरत नाही. जे सर्वांचे आहे त्याची राखण कोणीतरी नेमून केली पाहिजे, एवढाच त्याचा बोध आहे.

सायकल-स्टँडचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. पैसे घेऊन बिल्ला देणारा ठेकेदार वर पाटी लावतो: 'सायकल मालकाच्या जबाबदारीवर.' जबाबदारी जर मालकाचीच असेल, तर ठेकेदार पैसे कशाचे घेतो? १८७२ च्या करार कायद्याच्या १५१ व्या कलमानुसार, ज्याच्या स्वाधीन वस्तू केली त्याने ती शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तितकी काळजी घेऊन सांभाळली पाहिजे. एका पंचतारांकित हॉटेलातून पाहुण्याची मोटार चोरीला गेली, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरविले, की वाहन ताब्यात घेतल्यावर 'मालकाच्या जबाबदारीवर' असे छापून हॉटेलला निष्काळजीपणाच्या दायित्वातून सुटता येत नाही. मोटारीला लागू झालेले तत्त्व बिल्ला देऊन ताब्यात घेतलेल्या सायकलीला लागू का होऊ नये?

करावयाचे काम

मित्रहो, यातून कामाची एक रूपरेषा आपोआप उभी राहते. पहिली मागणी कायद्याची: पाच हजारांखालील चोरीला समाजसेवेची शिक्षा राहू द्या, परंतु तो गुन्हा पुन्हा दखलपात्र करा. फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत असल्याने राष्ट्रपतींच्या संमतीने राज्य विधिमंडळालाही ही दुरुस्ती करता येते. म्हणून ही मागणी मुंबईतही मांडता येईल, तिच्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. दुसरी मागणी नगरपालिकांकडे: सायकलींची ऐच्छिक व विनामूल्य नोंदणी, बाजार, रुग्णालय, बसस्थानक यांच्याजवळ उजेडातले व राखणीतले सायकलतळ, आणि ठेक्याच्या करारात चोरीच्या भरपाईचे कलम. तिसरी मागणी मालकांकडे: कारखान्याच्या आवारात मोटारींना जागा आणि पहारा मिळतो, तसा कामगारांच्या सायकलींनाही मिळाला पाहिजे. कामगार संघटनांनी तो करारात घालून घ्यावा. चौथी मागणी शासनाकडे: ज्या मुलींना सायकल दिली त्यांना तिच्याबरोबर चांगले कुलूप द्यावे, फ्रेमचा क्रमांक शाळेच्या नोंदवहीत उतरवावा, आणि चोरीला गेल्यास बदली सायकलची तरतूद ठेवावी. हजारोंच्या सायकलीला चार-पाचशेचे कुलूप न देणे ही काटकसर नव्हे.

मागण्यांबरोबर स्वतः करावयाचेही पुष्कळ आहे. प्रत्येक वस्तीत एका रविवारी सायकली एकत्र आणून क्रमांकांची यादी करता येईल आणि नावे कोरून घेता येतील. दुरुस्तीच्या दुकानदारांना या कामात सहभागी करून घ्यावे. पावतीविना जुनी सायकल घेणार नाही, असे त्यांनी ठरविले तर चोरीच्या बाजाराचे एक दार बंद होते. वस्तीतल्या पाच-पंचवीस कुटुंबांनी महिना दहा-वीस रुपयांचा एक निधी काढला, तर ज्याची सायकल जाईल त्याला दुसऱ्याच दिवशी बिनव्याजी उचल मिळेल आणि त्याचे सावकाराच्या दारी जाणे टळेल. विमा कंपन्यांना जो धंदा किफायतशीर वाटत नाही तो सहकाराने करून दाखवावा, यासाठीच तर सहकार आहे. आणि जो माणूस पोलिस ठाण्यात एकटा जायला कचरतो त्याच्याबरोबर एका कार्यकर्त्याने जावे. तक्रार अदखलपात्र असली तरी ती नोंदवून घेणे पोलिसांवर बंधनकारक आहे. नोंदीचा उतारा मागून घ्यावा आणि एका परिसरातल्या अशा वीस नोंदी एकत्र करून दंडाधिकाऱ्यापुढे ठेवाव्यात. एकट्याची दोन हजारांची सायकल दुर्लक्षिली जाते. वीस जणांच्या चाळीस हजारांच्या सायकली इतक्या सहजासहजी दुर्लक्षिता येत नाहीत.

खाजगी मालमत्तेवर टीका करणाऱ्यांनी एका माणसाच्या सायकलीची एवढी चिंता का वाहावी, असे कोणी विचारील. दुसऱ्याच्या श्रमावर जगण्याचे साधन असलेली मालमत्ता आणि स्वतःच्या श्रमाचे साधन असलेली मालमत्ता यांत समाजवादी विचाराने प्रारंभापासून भेद केला आहे. गिरणी आणि सायकल एका तागडीत घालता येत नाहीत. कष्टकऱ्याची सायकल म्हणजे त्याच्या पायांचीच लांबी. ती राखणे म्हणजे त्याचा कामावर जाण्याचा, शाळेत जाण्याचा, वेळेवर घरी परतण्याचा हक्क राखणे होय. ज्या राज्यात हा हक्क पाच हजारांच्या रेघेवर मोजला जातो, त्या राज्याला ती रेघ पुसायला लावणे हे कार्यकर्त्यांचे कर्तव्य आहे, आणि त्याची सुरुवात पुढच्या रविवारी, आपापल्या वस्तीतील सायकलींच्या यादीने करता येण्याजोगी आहे.